सर्व्हर-साइड कंपोनंट मिडलवेअर: ईजेबी, कॉम प्लस, कोर्बा यांची तुलना, आणि या सगळ्याला मिळून म्हणायचं काय?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण तीन आठवडे यात अडकलोय म्हणून इथे विचारतो.

आमच्याकडे तीन जुन्या सिस्टिम एकत्र आणायचं काम आलंय. एक कॉम प्लसवर (मायक्रोसॉफ्टची कंपोनंट चालवायची यंत्रणा) चालते, बरेचसे कंपोनंट व्हीबी ६ म्हणजे व्हिज्युअल बेसिकमधले. दुसरी जावाची, ईजेबी (एंटरप्राइज जावाबीन्स) २.१. तिसरी सी प्लस प्लसमधे, कोर्बावर (दूरच्या ऑब्जेक्टना हाक मारायचं मानक). तिन्ही रोज चालू आहेत, तिन्हीत पैशाचे व्यवहार होतात, त्यामुळे सगळं नव्याने लिहू हा पर्यायच नाही, टप्प्याटप्प्यानेच जावं लागणार. टीममधे बहुतेक जण यातलं एकच काहीतरी जाणतात. म्हणून मला एक तुलना लिहून द्यायचीय, म्हणजे कोणी एकातला शब्द दुसऱ्यात जसाच्या तसा नेऊन ठेवायला नको.

आणि पहिल्याच पानावर अडलो. कंपोनंट चालवणाऱ्या या मधल्या सॉफ्टवेअरला, म्हणजे मिडलवेअरच्या या प्रकाराला, म्हणायचं काय? जुनी कागदपत्रं काढली तर एकात अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर लिहिलंय, दुसऱ्यात ट्रान्झॅक्शन सर्व्हर, तिसऱ्यात ऑब्जेक्ट ट्रान्झॅक्शन मॉनिटर म्हणजे ओटीएम, चौथ्यात कंपोनंट ट्रान्झॅक्शन मॉनिटर म्हणजे सीटीएम, आणि कुठे नुसतंच मिडल टिअर, म्हणजे क्लायंट आणि डेटाबेस यांच्यामधला थर. ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत का? असतील तर ती एक गोष्ट नेमकी कोणती?

रात्रपाळी

चांगला विषय काढलात. नावाचा घोळ समजायला हे कशातून जन्मलं ते बघावं लागतं.

ऑब्जेक्ट वगैरे यायच्या खूप आधी मेनफ्रेमवर ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग मॉनिटर (टीपी मॉनिटर) होते. आयबीएमचं सीआयसीएस १९६९ पासून आहे, पुढे युनिक्ससाठी बेल लॅब्जमधे टक्सिडो १९८३ ला सुरू झालं. त्यांचं काम साधं पण फार मोलाचं: हजारो टर्मिनल समोर बसलेली असतात पण एका क्षणाला खरंच काम मागणारे त्यातले थोडेच, मग प्रत्येकाला वेगळी प्रोसेस आणि वेगळं डेटाबेस कनेक्शन कशाला द्यायचं, मधे एक जण बसवा जो मोजक्या प्रोसेस सगळ्यांमधे फिरवेल आणि व्यवहार (ट्रान्झॅक्शन) अर्धवट राहू देणार नाही. बस.

मग १९८९ ला ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) स्थापन झाली, १९९१ ला कोर्बा १.० आलं. कोर्बाने सांगितलं की ऑब्जेक्ट कुठल्याही मशीनवर असू दे, कुठल्याही भाषेत असू दे, तुम्ही त्याला हाक मारा. छानच होतं ते. पण दहा हजार क्लायंटनी हाक मारली तर दहा हजार ऑब्जेक्ट मेमरीत ठेवायचे का, थ्रेड किती, व्यवहार कुठे सुरू कुठे संपला, हे सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यावर. प्रत्येक टीम आपापला थ्रेड पूल लिहायची आणि प्रत्येकाच्या पूलमधे आपापले बग असायचे.

त्यामुळे नव्वदीच्या दशकात दोन्हींचं लग्न लागलं, एकीकडून ऑब्जेक्ट आणि दुसरीकडून टीपी मॉनिटर. ओटीएम हे नाव तिथूनच आलं, टीपी मॉनिटरमधे ऑब्जेक्ट घातला की ओटीएम. आणि पुढे ऑब्जेक्टच्या जागी सगळे कंपोनंट म्हणायला लागले तेव्हा सीटीएम. गोष्ट तीच.

बिंदूरेषा

रात्रपाळी यांच्याशी सहमत, पण या लग्नातून बाजारात आधी आलेलं अपत्य मायक्रोसॉफ्टचं हे सांगायलाच हवं. एमटीएस, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ट्रान्झॅक्शन सर्व्हर, आतलं नाव वायपर. ईजेबी १.० चं स्पेसिफिकेशन मार्च १९९८ चं आहे आणि तोवर एमटीएस २.० लोकांच्या हातात होतं, डिसेंबर १९९७ च्या एनटी ४ ऑप्शन पॅकमधे ते आलं. विंडोज २००० सोबत त्याचंच कॉम प्लस झालं.

नावाबद्दल बोलताय तर हे घ्या: ट्रान्झॅक्शन सर्व्हर हे नाव माझ्या मते चुकीचं होतं. व्यवहार सांभाळायचं खरं काम डीटीसी (डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर) करायचं, टू फेज कमिट (आधी सगळ्यांना विचारून मग एकदम पक्कं करणं) तिथे व्हायचं. एमटीएसचं स्वतःचं काम वेगळं. तुम्ही क्लायंटमधून ऑब्जेक्ट बनवला की तुमच्या हातात खरा ऑब्जेक्ट येतच नाही, मधे एक पोकळ कवच येतं, त्या कवचाला तुम्ही धरून बसता. कॉल आला की कवच खऱ्या ऑब्जेक्टला उभं करतं, काम करून घेतं, ऑब्जेक्टने सेट-कम्प्लीट (माझं काम झालं) म्हटलं की त्याला संपवतं. क्लायंटला वाटतं ऑब्जेक्ट अजून आहे, प्रत्यक्षात सर्व्हरवर कवच सोडून काही नसतं. याला जस्ट इन टाइम अ‍ॅक्टिव्हेशन म्हणायचे.

हे न समजल्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. पहिल्या नोकरीत मी एक व्हीबी कंपोनंट लिहिला, क्लासच्या पातळीवर एक व्हेरिएबल ठेवलं, पहिल्या कॉलमधे ग्राहक क्रमांक भरायचा आणि दुसऱ्या कॉलमधे वापरायचा. माझ्या मशीनवर व्यवहार बंद ठेवून टेस्ट केलं होतं, मस्त चाललं. सर्व्हरवर व्यवहार चालू केला आणि दुसऱ्या कॉलला क्रमांक शून्य, कारण मधल्या वेळात ऑब्जेक्ट संपून नवा आलेला. दोन दिवस मी डेटाबेसमधे चूक शोधत होतो. त्या दोन दिवसांनी मला जे शिकवलं ते कुठल्या ट्रेनिंगने शिकवलं नसतं, की मिडल टिअरमधला ऑब्जेक्ट आपला नसतो, दोन कॉलच्या मधे तो मधल्याच्या मालकीचा असतो.

तळटीप

थोडी दुरुस्ती. कोर्बाने ऑब्जेक्टच्या जगण्यामरण्याकडे बघितलंच नाही असं चित्र वर उभं राहतंय, ते बरोबर नाही. सुरुवातीचा बेसिक ऑब्जेक्ट अ‍ॅडॅप्टर मोघम होता हे मान्य, इतका मोघम की एका कंपनीच्या ओआरबीवर (ऑब्जेक्टपर्यंत हाक पोचवणारा कोर्बाचा भाग) लिहिलेला सर्व्हर दुसऱ्यावर नेता यायचा नाही. पण १९९८ च्या कोर्बा २.२ मधे पोर्टेबल ऑब्जेक्ट अ‍ॅडॅप्टर म्हणजे पीओए आला. त्यात सर्व्हंट (प्रत्यक्ष काम करणारा ऑब्जेक्ट) सांभाळणारा सर्व्हंट मॅनेजर असतो: कॉल आला की सर्व्हंट लोकेटर ठरवतो कोणाला उभं करायचं आणि कॉल संपला की काय करायचं. बिंदूरेषा ज्याला कवच म्हणतात त्याची सगळी यंत्रणा त्यात आहे. आणि ऑब्जेक्ट ट्रान्झॅक्शन सर्व्हिस, ओटीएस, तर १९९४ पासून.

फरक इतकाच की कोर्बात हे सुटे भाग मिळतात, जोडणारे तुम्ही. एमटीएस आणि ईजेबीने ते जोडून दिले आणि वर सांगितलं की तू कोड लिही, बाकीचं बाहेर लिहून ठेव, आम्ही बघतो. कोर्बाच्या बाजूने जोडून दिलेलं रूप म्हणजे सीसीएम, कोर्बा कंपोनंट मॉडेल, ते कोर्बा ३.० सोबत २००२ ला आलं. तोवर बाजार दोन्हीकडे वाटला गेला होता.

अर्धविराम, तुमच्याकडे सीसीएम आहे की नुसता ओआरबी, पीओए आणि ओटीएस? यावर सगळं अवलंबून आहे.

अर्धविराम

नुसता ओआरबी, पीओए, ओटीएस. सीसीएमचं नावही कोडमधे नाही. पण सर्व्हंटच्या वर एक थर कोणीतरी हाताने लिहिलेला आहे, व्यवहार सुरू करतो, सर्व्हंटला बोलावतो, कमिट (पक्कं) किंवा रोलबॅक (रद्द) करतो. फाइलच्या नावात नुसतं रॅपर असं लिहिलंय.

तळटीप

मग तुमच्या तिसऱ्या सिस्टिममधे कंटेनर (ऑब्जेक्टना सांभाळून चालवणारा भाग) आहे, फक्त तो तुमच्याच माणसांनी लिहिलाय. तुलनेत त्या रॅपरला ईजेबी कंटेनरच्या शेजारी ठेवा, ओआरबीला नको. ओआरबीची तुलना ईजेबीशी करणं ही चूक मी बऱ्याच डॉक्युमेंटमधे पाहिलीय. ओआरबीच्या समोर जावाचं आरएमआय येतं, मायक्रोसॉफ्टचं डीकॉम येतं, नुसती दूरवर हाक पोचवणारी. ईजेबीच्या समोर कॉम प्लस येतं, सीसीएम येतं. पातळी चुकली की पुढचा सगळा तक्ता चुकतो.

पहिलीओळ

नवीन आहे, तीन वर्षं झाली कामाला. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. मी धागा उघडला तो वेगळ्याच समजुतीने. मला सर्व्हर कंपोनंट म्हटलं की रिअ‍ॅक्टचे सर्व्हर कंपोनंट आठवतात, मिडलवेअर म्हटलं की रिक्वेस्टच्या वाटेत टाकलेलं एक फंक्शन, आणि कंटेनर म्हणजे डॉकर. तुम्ही तिन्ही शब्द वापरताय आणि तिन्हींचा अर्थ वेगळा दिसतोय. यात काही नातं आहे का शब्दच फक्त परत वापरलेत?

रात्रपाळी

अजिबात बाळबोध नाही, उलट अर्धविराम यांच्या डॉक्युमेंटचं पहिलं पान याच प्रश्नाने सुरू व्हायला हवं, कारण त्यांच्या टीममधेही तुमच्या वयाचे लोक असणार.

रिअ‍ॅक्टवाले सर्व्हर कंपोनंट म्हणजे स्क्रीनचा तुकडा सर्व्हरवर तयार करणं, २०२० च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा जाहीर झालं. त्याचा इथे संबंध नाही. इथे कंपोनंट म्हणजे धंद्याचं काम करणारा क्लास, खात्यातून पैसे काढ, ऑर्डर नोंदव, असा.

डॉकरचा कंटेनर प्रोसेसला बाकीच्या मशीनपासून वेगळं करतो. ईजेबीचा कंटेनर एकेका ऑब्जेक्टच्या भोवती असतो आणि तुमचाच कोड उचलून चालवतो, तो कधी जन्मणार कधी संपणार हे ठरवतो. नाव एक, काम दोन.

पण तुमच्या वाटेत टाकलेल्या फंक्शनशी मात्र खरं नातं आहे! ते फंक्शन काय करतं, हँडलरच्या आधी रिक्वेस्ट अडवतं, तपासतं, काहीतरी जोडतं, मग पुढे सोडतं. ईजेबी कंटेनर नेमकं तेच करतो, फक्त एचटीटीपी रिक्वेस्टच्या जागी मेथड कॉल, आणि वाटेत टाकायच्या गोष्टी कोडमधे नाही तर डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टरच्या एक्सएमएल फाइलीत लिहिलेल्या.

बिंदूरेषा

हेच. अडवणं. माझं म्हणणं असं की नाव द्यायचंच तर या अडवण्यावरून द्या. ट्रान्झॅक्शन हा अडवून करायच्या कामांपैकी एक प्रकार झाला, सुरक्षितता दुसरा, पूलिंग तिसरा. सगळ्यांच्या मुळाशी एकच युक्ती: बोलावणारा आणि ऑब्जेक्ट यांच्यामधे कोणीतरी उभा आहे आणि बोलावणाऱ्याला तो दिसत नाही.

कंपन्यांनी नावं दिली ती आपापल्या दुकानावरून. सायबेसने जॅग्वार सीटीएस काढलं, त्यातलं सीटीएस म्हणजे कंपोनंट ट्रान्झॅक्शन सर्व्हर, पुढे त्याचंच ईएसर्व्हर झालं. आयोनाने ऑर्बिक्स ओटीएम काढलं. बीईएने टक्सिडोवर कोर्बा चढवून एम३ काढलं आणि नंतर तेच वेबलॉजिक एंटरप्राइज झालं. सन ने तर एंटरप्राइज जावाबीन्स हे नाव देऊन कायमचा गोंधळ करून ठेवला, कारण आधीचे जावाबीन्स हे पडद्यावरची बटणं वगैरे जोडायचं मॉडेल होतं, त्याचा आणि याचा जवळजवळ काही संबंध नाही. ईजेबॉस नावाचा ओपन सोर्स सर्व्हर होता, ट्रेडमार्कमुळे पुढचं एक अक्षर गाळावं लागलं आणि जेबॉस झाला. यातल्या कुठल्याच नावातून आत काय चाललंय ते कळत नाही.

तळटीप

अडवण्यावरून नाव द्यायला माझी हरकत नाही, पण ते पुरेसं नाही. अडवणं आजचा साइडकारही करतो. इस्टिओमधे प्रत्येक सर्व्हिसच्या शेजारी एन्व्हॉय बसतो आणि सगळे कॉल अडवतो, तरी त्याला आपण कंपोनंट मिडलवेअर म्हणणार नाही. का? कारण त्याच्या हातात ऑब्जेक्टचा जन्म-मृत्यू नाही, आणि व्यवहाराचा संदर्भ तो ऑब्जेक्टला देत नाही. माझ्या मते तीन गोष्टी एकत्र हव्यात, कॉल अडवणं, इन्स्टन्सचं आयुष्य हातात असणं, आणि चालू कॉलचा संदर्भ ऑब्जेक्टला मागता येणं. एमटीएसमधे गेट-ऑब्जेक्ट-कॉन्टेक्स्ट, ईजेबीत सेशन-कॉन्टेक्स्ट, सीसीएममधेही त्याचा भाऊ आहे. तिन्ही असतील तर तो या जातीचा.

या कसोटीवर ऑर्लिन्ससुद्धा जवळ येतं बघा, मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून आलेलं, २०१५ ला ओपन सोर्स झालं. त्यातला ग्रेन (त्यांचा ऑब्जेक्ट) कायम अस्तित्वात आहे असं धरून तुम्ही हाक मारता, तो मेमरीत आहे का नाही ते रनटाइम बघतं. बिंदूरेषांचं कवचच ते. फरक हा की ग्रेनला स्वतःची ओळख आणि स्टेट असते.

रात्रपाळी

ओळख आणि स्टेट म्हटलं की एंटिटी बीन आठवणारच. अर्धविराम, तुमच्याकडे २.१ मधे एंटिटी बीन आहेत का? असतील तर त्यांना तुलनेत वेगळं प्रकरण द्या, सेशन बीनच्या (नुसतं काम करणाऱ्या बीनच्या) रकान्यात घालू नका.

ईजेबीने ठरवलं की डेटाबेसमधली ओळ हाही एक दूरून बोलावता येणारा ऑब्जेक्ट. परिणाम असा की फाइंडर मेथड आधी प्रायमरी की आणायची आणि मग एकेक बीन हात लावल्यावर आपापली ओळ वाचायचं, म्हणजे शंभर ऑर्डरची यादी दाखवायला एकशे एक क्वेरी. कंटेनर हुशार असेल तर वाचवायचा, नाहीतर नाही. त्यात १.१ पर्यंत प्रत्येक गेटर हा रिमोट कॉल, शेजारच्या बीनने बोलावलं तरी! २.० मधे २००१ ला लोकल इंटरफेस आले तेव्हा कुठे श्वास घेता आला. शेवटी २००६ च्या ईजेबी ३.० ने हा हट्ट सोडला, ओळींचं काम जेपीएकडे (डेटाबेसच्या ओळी सांभाळायचं जावाचं वेगळं मानक) गेलं आणि बीन बनवायला-शोधायला लागणारा होम इंटरफेसही लागेनासा झाला. तोवर स्प्रिंग आणि हायबरनेटने लोकांना साध्या क्लासवर तेच सगळं करून दाखवलं होतं.

बिंदूरेषा

आणि एमटीएसवाले एंटिटीच्या वाटेला कधी गेलेच नाहीत. विंडोज २००० च्या बीटामधे इन-मेमरी डेटाबेस म्हणून एक प्रकार होता, तोही अंतिम आवृत्तीच्या आधी काढून टाकला. मिडल टिअरमधे स्टेट ठेवू नका, डेटाबेसमधे ठेवा, हे त्यांचं एकच पालुपद. त्या काळी मला ते कोतं वाटायचं, नंतर पटलं.

अर्धविराम

होय, एंटिटी बीन आहेत, चाळीसेक. वेगळं प्रकरण करतो.

आता जी गोष्ट मला खरी हवीय ती विचारतो. कॉम प्लसमधे एका कंपोनंटवर व्यवहाराची सेटिंग रिक्वायर्ड (चालू व्यवहार असेल तर त्यात सामील व्हा, नसेल तर नवा सुरू करा) आहे. ईजेबीतही मेथडवर रिक्वायर्ड आहे. शब्द तोच. टीममधला एक जण म्हणतो की मग सरळ बदली करू. करू का?

बिंदूरेषा

नका करू!! निदान चार गोष्टी तपासल्याशिवाय तर नकोच, आणि या चारही मी प्रत्यक्ष बघितलेल्या आहेत.

पहिली म्हणजे सेटिंग कुठे बसते. कॉम प्लसमधे पूर्ण क्लासवर, ईजेबीत एकेका मेथडवर. म्हणून कॉम प्लसच्या लोकांनी वाचणारा क्लास वेगळा आणि लिहिणारा वेगळा असे जोड्याजोड्याने क्लास केलेले दिसतील तुम्हाला. ते बघून कोणाला वाटेल हे डिझाइन वाईट आहे आणि तो दोन्ही एकत्र करेल. करू दे, पण मग प्रत्येक मेथडवर सेटिंग नीट लिहायला लावा.

दुसरी आयसोलेशन (एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे), आणि इथेच सगळ्यात जास्त रडायला होतं. एमटीएस आणि सुरुवातीचं कॉम प्लस व्यवहार कायम सीरियलायझेबल या सगळ्यात कडक पातळीवर चालवायचे, बदलायची सोयच नव्हती, ती कॉम प्लस १.५ मधे आली, म्हणजे एक्सपी आणि सर्व्हर २००३. ईजेबीत आयसोलेशन स्पेसिफिकेशनच्या बाहेर आहे, १.० मधे होतं ते १.१ मधे काढलं, त्यामुळे तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर डेटाबेसचं जे डिफॉल्ट ते लागतं, आणि बऱ्याच डेटाबेसमधे ते रीड कमिटेड, म्हणजे बरंच सैल, असतं. म्हणजे कॉम प्लसमधला एखादा कोड जो आधी शिल्लक वाचतो, मग तपासतो, मग वजा करतो, तो तिथे सीरियलायझेबलच्या भरवशावर बरोबर होता. ईजेबीत नेला की दोन जण एकाच वेळी तीच शिल्लक वाचतील आणि दोघांनाही पैसे मिळतील. कोडची एक ओळ बदललेली नाही, सेटिंगचा शब्दही तोच, आणि हिशोब चुकतोय.

तिसरी चूक झाल्यावर काय. ईजेबीत रनटाइम एक्सेप्शन बाहेर पडलं तर कंटेनर रोलबॅक करतो, पण तुमचं स्वतःचं चेक्ड एक्सेप्शन (मेथडवर आधीच जाहीर केलेलं) असेल तर करत नाही, तुम्ही सेट-रोलबॅक-ओन्ली म्हणायला हवं. कॉम प्लसमधे ऑब्जेक्टने स्वतः सेट-अबॉर्ट म्हणायचं. डॉटनेटच्या ऑटो-कम्प्लीट मधे मात्र कुठलंही एक्सेप्शन आलं की अबॉर्ट. तीन ठिकाणी तीन नियम.

चौथी, विसरल्यावर काय. व्हीबीमधे सेट-कम्प्लीट म्हणायला कोणी विसरलं तर ऑब्जेक्ट संपत नाही, व्यवहार उघडा राहतो, क्लायंटने सोडेपर्यंत लॉक धरून बसतो, नाहीतर टाइमआउट होईपर्यंत, डिफॉल्ट साठ सेकंद. आणि क्लायंट मशीनच बंद पडलं तर डीकॉमचा पिंग दर दोन मिनिटांनी, तीन चुकले की सर्व्हरला कळणार, म्हणजे सहा मिनिटं रेफरन्स लटकलेला. ईजेबीच्या स्टेटलेस (दोन कॉलच्या मधे काही लक्षात न ठेवणाऱ्या) बीनमधे मेथड संपली की व्यवहाराचा निकाल लागला, विसरायला जागाच नाही.

रात्रपाळी

+१. आणि शब्दांबद्दल अजून एक, अ‍ॅक्टिव्हेट. एमटीएसमधे अ‍ॅक्टिव्हेट म्हणजे कॉलसाठी कोरा इन्स्टन्स उभा करणं. ईजेबीत स्टेटफुल सेशन बीनला डिस्कवर झोपवतात ते पॅसिव्हेट आणि परत आहे तसा उठवतात ते अ‍ॅक्टिव्हेट. एकात आधीचं सगळं विसरलेलं, दुसऱ्यात सगळं आठवणारं. माझ्यासमोर एका बैठकीत दोन टीम अर्धा तास या शब्दावर भांडल्या आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या.

पूलिंगचंही तसंच. ईजेबीत स्टेटलेस बीन पूलमधे जातो येतो हे गृहीतच धरलेलं असतं. एमटीएसच्या इंटरफेसमधे कॅन-बी-पूल्ड नावाची मेथड होती पण तिने काहीही उत्तर दिलं तरी पूलिंग व्हायचंच नाही, पूलिंग खरं आलं ते कॉम प्लसमधे, आणि तिथेही व्हीबी ६ चे कंपोनंट पूल करता येत नाहीत कारण ते सिंगल थ्रेडेड अपार्टमेंटमधे राहतात, म्हणजे एकाच थ्रेडला बांधलेले असतात. तुमचे व्हीबीवाले कंपोनंट पूलमधे आहेत असं कोणी सांगत असेल तर ते डेटाबेस कनेक्शनच्या पूलबद्दल बोलतायत.

पहिलीओळ

हे वाचून मला एक शंका आली. कंटेनर बाहेर उभा राहून अडवतो म्हणता. मग एखादी मेथड त्याच क्लासमधली दुसरी मेथड बोलावते तेव्हा कोण अडवणार? आमच्या स्प्रिंगच्या कोडमधे ऑडिटची नोंद करायची मेथड आहे, तिच्यावर रिक्वायर्स-न्यू लावलंय, म्हणजे मुख्य व्यवहार फसला तरी ऑडिट राहावं. पण ती त्याच क्लासमधून बोलावतो आम्ही.

तळटीप

कोणीच अडवत नाही. बरोबर ओळखलंत. आतून मारलेली हाक दारातून जात नाही, त्यामुळे दारावरच्या पहारेकऱ्याला ती कळत नाही, रिक्वायर्स-न्यू नुसतं कागदावर. ईजेबीतही हेच, स्प्रिंगच्या नेहमीच्या प्रॉक्सीमधेही हेच. ईजेबी ३ मधे सेशन-कॉन्टेक्स्टकडून स्वतःचाच बाहेरचा रेफरन्स मागून त्यावरून बोलावता येतं, नाहीतर सरळ दुसरा क्लास करायचा.

गंमत बघा, कॉम प्लसमधे हा प्रश्नच उठत नाही, कारण सेटिंग क्लासवर आहे, एकाच क्लासमधल्या दोन मेथडना वेगळं काही सांगताच येत नाही. बिंदूरेषांच्या पहिल्या मुद्द्यातली जी मर्यादा वाटते तीच इथे राखण करते. मी इतकी वर्षं क्लासच्या पातळीवरच्या सेटिंगला मागासलेलं म्हणत आलो, आज हे लिहिताना पहिल्यांदा वाटलं की त्यामागे काही विचार असू शकेल.

पहिलीओळ

टेस्ट लिहून बघितली. ऑडिटची मेथड बोलावल्यानंतर मुद्दाम एक्सेप्शन टाकलं. ऑडिट टेबलात नोंदी शून्य. मेथड वेगळ्या क्लासमधे नेली, तीच टेस्ट, नोंद एक. म्हणजे आजवर जिथे जिथे व्यवहार फसला तिथली ऑडिट नोंदही गेलेली आहे, आणि नेमकी तीच आम्हाला हवी असायची. धन्यवाद सगळ्यांना, उद्या बाकीचे क्लास शोधतो.

अर्धविराम

तुलना लिहून झाली, इथलं बरंचसं तिच्यात आलंय म्हणून काय ठरवलं ते सांगतो.

नाव: कंपोनंट मध्यस्थ. मिडलवेअरमधला मधला आणि अडवणारा, दोन्ही त्यात येतात, आणि टीममधे कोणालाच या नावाचा आधीचा वेगळा अर्थ माहीत नाही हा सगळ्यात मोठा फायदा. तळटीप यांच्या तीन अटी व्याख्या म्हणून घातल्या. ओटीएम, सीटीएम, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर ही नावं इतिहासाच्या परिच्छेदात गेली. रकाने उत्पादनांच्या नावाने न करता प्रश्नांनी केले: हाक कोण अडवतो, इन्स्टन्स कधी मरतो, सेटिंग क्लासवर का मेथडवर, आयसोलेशन कोण ठरवतो, एक्सेप्शन आलं तर काय, सांगायला विसरलं तर काय. रिक्वायर्ड आणि अ‍ॅक्टिव्हेट हे दोन शब्द तुलनेत एकटे वापरायचे नाहीत, पुढेमागे कुठल्या सिस्टिमचं ते लिहायचं, असा नियम केला.

मग पहिलीओळ यांची ऑडिटवाली टेस्ट तिन्ही सिस्टिमवर चालवली. ईजेबीत एका ठिकाणी तसंच सापडलं, नोंद शून्य. कॉम प्लसमधे ऑडिटचा क्लास पहिल्यापासून वेगळा होता, नोंद आली. आणि कोर्बाच्या त्या रॅपरमधे कोणीतरी ओटीएसच्या करंटवर (चालू व्यवहारावर) सस्पेंड करून, ऑडिटचा वेगळा व्यवहार करून, मग रिझ्यूम असं व्यवस्थित लिहिलेलं आहे, पण ऑडिटमधेच एक्सेप्शन आलं तर रिझ्यूमपर्यंत कोड पोचतच नाही, आणि मूळ व्यवहार तसाच लोंबकळत राहतो टाइमआउट होईपर्यंत. लॉगमधे महिन्यातून एकदोनदा दिसणारा जो टाइमआउट आम्ही नेटवर्कच्या नावावर खपवत होतो, त्याच्या वेळा ऑडिट टेबलाच्या लॉकच्या वेळांशी जुळतायत. उद्या सकाळी तिथे दुरुस्ती टाकतोय.